वजनमापे निरीक्षकाचं पोट

मंगळवार, ७ जानेवारी

आजचा प्रसंग कुठेतरी लिहून टाकला नाही तर तो छातीवर बसून राहील, म्हणून ही कोरी डायरी काढली. काटे बनवणारी एक कंपनी दरवर्षी आम्हा निरीक्षकांना डायरी भेट देते. मी दरवर्षी नको म्हणतो आणि घेतो.

सकाळी बाजारातल्या एका धान्याच्या दुकानात तपासणी होती. बरोबर सुतळी होता. सुतळी म्हणजे आमचा कनिष्ठ निरीक्षक. त्याची अंगकाठी पाहून ऑफिसने त्याला हे नाव दिलं आहे आणि तोही हाक मारली की ओ देतो. दुकानदाराच्या काट्यावर मी आमचं प्रमाण वजन ठेवलं, आकडा वाचायला खाली वाकलो, तर आकडा जास्त. पुन्हा ठेवलं, पुन्हा जास्त, आणि दर खेपेला निराळा. मी काटा सदोष ठरवला आणि पंचनाम्याचे कागद काढले. दुकानदार गयावया करत होता की परवाच दुरुस्त करून शिक्का मारून आणलाय. मी त्याला कायद्याचं कलम ऐकवलं. गिऱ्हाइकं भोवती जमली. तेवढ्यात सुतळी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, जरा मागे सरकता का?"

मी सरकलो. आकडा जागेवर आला.

माझं पोट काट्यावर टेकलेलं होतं.

कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. सगळे अगदी सभ्यपणे इकडेतिकडे बघायला लागले. दुकानदाराने चेहरा सरळ ठेवून विचारलं, "साहेब, आता पंचनामा कोणाचा करायचा?"

घरी येऊन हिला सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते. उत्तरपत्रिका तपासता तपासता तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मग पोटाचं वजन किती भरलं?"

इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला निदान च्‌च् तरी करता यावं.

गुरुवार, ९ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी टेप लावून पोट मोजलं. टेप दोनदा लावावा लागला, कारण पहिल्यांदा मी श्वास आत ओढून धरला होता आणि ते त्यांच्या लक्षात आलं. पोटावरची चरबी सगळ्यात वाईट म्हणे. साखर बंद, तळलेलं बंद, पाणी भरपूर, रोज चालणं आणि पोटाचे व्यायाम.

घरात कोणाला मधुमेह आहे का, असं त्यांनी विचारलं. मी आठवत होतो तेवढ्यात ही मध्येच म्हणाली की तिच्या आईला होता, मावशीलाही. मला हसू आलं. बाहेर आल्यावर तिला समजावून सांगितलं की अशा वेळी रक्ताचं नातं विचारतात, सासूकडचं नाही. ती काही बोलली नाही. चूक कळल्यावर ती गप्पच बसते.

सोमवार, १३ जानेवारी

आजपासून सुरुवात. फोनवर एक व्यायामाचा मास्तर सापडला आहे. त्याच्या पोटावर विटा रचल्यासारख्या दिसतात. तो हसत हसत सांगतो की कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर फळीसारखं ताठ धरा. मी धरलं. पाठ ताठ होती, पाय ताठ होते, फक्त पोट आधीच जमिनीला पोचलेलं होतं. त्यामुळे मला जोर फारसा लागत नव्हता.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुम्ही झोपलाय की करताय?"

पण आहाराच्या बाबतीत तिने शहाणपणा दाखवला. रात्रीचं जेवण म्हणजे सूप, उकडलेल्या भाज्या आणि एक अंडं, असं मी जाहीर केलं तेव्हा ती म्हणाली, "दोन-दोन स्वयंपाक मी करणार नाही. तुम्ही खाल तेच मीही खाईन." मला भरून आलं. बायको अशी पाठीशी उभी राहिली की माणूस काय करू शकत नाही.

सोमवार, २० जानेवारी

गेल्या सोमवारीच घरी काटा आणला. आमच्या खात्यात तपासून, शिक्का मारून. लोक बाथरूममध्ये कसलेही खेळण्यासारखे काटे ठेवतात, त्यावर माझा विश्वास नाही. दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी वजन करायचं, आधी माझं, मग हिचं, असं ठरवलं.

आठवड्यात माझं थोडं वाढलं आहे. मास्तर सांगतो की सुरुवातीला स्नायू बनतात आणि स्नायू जड असतात. हिचं उतरलं आहे. बायकांना स्नायू कमी, त्यामुळे त्यांचं लवकर उतरत असणार.

शनिवार, १ फेब्रुवारी

डायरीत खोटं लिहू नये. सकाळी चालायला जातो ते बेकरीपर्यंत जातो. पहिल्या दिवशी फक्त दम घ्यायला टेकलो होतो. तिथे भट्टीतून नुकती निघालेली लोण्याची बिस्किटं होती. बेकरीवाला ओळखीचा, त्याच्या काट्याची तपासणी माझ्याकडेच असते. तो ऐकेना. आता मी दिसलो की विचारायचं सोडून तो बशीच आणून ठेवतो.

मी याचा नीट विचार केला आहे. घरात साखर बंद करायची असं ठरलं होतं, आणि घरात ती बंदच आहे. शिवाय परत येताना चढ आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हिचं वजन सोमवारी आणखी उतरलं. चांगलं घसघशीत. माझं जागच्या जागी. सुतळीला सांगितलं तर तो म्हणाला, "काटा तपासलात का सर?" ऑफिसातला एकमेव शहाणा प्रश्न. आज जेवणाच्या सुट्टीत प्रमाण वजनांची पेटी घेऊन घरी आलो, एकेक वजन ठेवून पाहिलं. मध्यभागी, चारी कोपऱ्यांवर, चढत्या क्रमाने आणि उतरत्या क्रमाने. काट्यात गुंजभरही चूक नाही.

म्हणजे हिचं वजन खरोखरच उतरतं आहे. माझं समाधान झालं. पेटी उचलताना कंबरेत लचक भरली, तेवढं सोडलं तर दिवस चांगला गेला.

पाण्याच्या बाबतीत तर ती माझ्या पुढे गेली आहे. भरपूर पाणी प्या, हा नियम मी घालून दिला, पण पाळते ती. तांबेच्या तांबे रिकामे करते. झोपेतून उठून पिते, मग बाथरूमला जाते, मग पुन्हा पिते. माझी झोपमोड होते, पण इतकी निष्ठा पाहून बोलवत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज हिला चोरी करताना पकडलं. दुपारी फ्रिजचं दार उघडं ठेवून उभ्या उभ्या गार भात खात होती. भांड्यातून, हाताने. मी नुसता खोकलो. ती दचकली. म्हणाली, "भूक भागतच नाही हो. जेवून उठले की पुन्हा लागते."

आणि हे सगळं करून वजन उतरतंय तिचं. मी भात बघितला तरी पट्ट्याचं भोक बदलावं लागतं. देवाच्या दरबारात काट्यांची तपासणी कोण करतं, ते एकदा बघितलं पाहिजे.

संध्याकाळी तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि गुणांची बेरीज करून द्या म्हणाली. तिला आकडे धुरकट दिसतात म्हणे. गणिताच्या बाईने बेरीज दुसऱ्याला द्यावी, म्हणजे आळसच. पण मी केली. चाळिशीचा नंबर वाढला असेल, चष्मा बदल, असं सांगितलं. मग ती तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. हलक्या आहाराने झोप सुधारते, हे मास्तर सांगतो ते खरं आहे.

सोमवार, ३ मार्च

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं दुकानातली ती गोष्ट शेवटी वर पोचली. पण नाही. रविवारी त्यांच्या बायकोने हिला बाजारात पाहिलं आणि ओळखलंच नाही. इतकी बारीक. घरी जाऊन तिने साहेबांना फैलावर घेतलं. साहेब मला म्हणाले, "वहिनींना काय खायला घालता, ते आम्हालाही सांगा." आणि मग स्वतःच पुढे म्हणाले की ऑफिसच्या आरोग्य सप्ताहात तुमचं एक भाषण ठेवू.

मी साध्या शब्दांत माझी पद्धत सांगितली. ते मान डोलवत होते. त्यांची नजर एकदोनदा माझ्या पोटाकडे गेली. मीच खुलासा केला की माझ्या बाबतीत स्नायूंचा भाग मोठा आहे.

घरी आल्यावर हिला आनंदाने सांगितलं की तुलाही व्यासपीठावर यायचंय. ती म्हणाली, "मला बरं वाटत नाहीये. पायातलं बळ गेलंय. एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

जाऊ म्हटलं, नक्की जाऊ. पण भाषण झाल्यावर. आता गेलो की ते दोन गोळ्या लिहून देणार, ती दोन गोळ्या घेणार, आणि लोक म्हणणार की वजन गोळ्यांनी उतरलं. मेहनत आपली आणि नाव गोळ्यांचं. तिला हा मुद्दा पटला असावा. ती म्हणाली, "बरं."

शनिवार, ८ मार्च

हिच्या पावलाला चप्पल लागून जखम झाली होती, ती अजून भरलेली नाही. मलम आणून दिलं. भाषणाच्या दिवशी बंद बूट घाल म्हटलं, चिकटपट्टी दिसली की चांगलं दिसत नाही.

भाषणाला नाव दिलं आहे: 'पोट कमी करा, आयुष्य वाढवा'.

गुरुवार, १३ मार्च

भाषण झालं. सभागृह गच्च भरलं होतं, उभं राहायला जागा नव्हती. मी टेबलामागे उभा राहिलो, ही माझी कल्पना. टेबलामुळे वक्त्याचा चेहरा आणि विचार एवढंच दिसतं.

हिला मी तिचा मागच्या वर्षीचा पंजाबी ड्रेस घालायला लावला होता. योग्य वेळी तिने उभं राहून बाजूचं कापड हाताने ओढून दाखवायचं. तिने दाखवलं. अख्ख्या ओंजळीएवढं कापड. टाळ्या थांबेनात. साहेबांची बायको डोळे मोठे करून साहेबांकडे बघत होती.

एक छोटासा घोळ झाला. मंचावर साहेबांसाठी ठेवलेला पाण्याचा जग हिने एकटीने रिकामा केला, पेल्यात न ओतता, जगालाच तोंड लावून. मी लगेच सावरून घेतलं. म्हटलं, "पाहिलंत? नियम क्रमांक दोन."

शेवटी बायकांनी हिला गराडा घातला. खरं सांगा ताई, नक्की काय करता? ती खुर्चीचा हात धरून उभी होती. म्हणाली, "काही नाही करत. तहान लागते, पाणी पिते. भूक लागते, खाते. तरी उतरतंय. का उतरतंय ते मला कळत नाही."

सगळे हसले. इतका विनय आजकाल दिसत नाही, असं साहेब म्हणाले. मला मात्र थोडं लागलं. पद्धतीचं नाव एकदा तरी घ्यायला हवं होतं तिने.

गाडीत बसल्यावर तिला दोनदा उलटी झाली. गर्दीत हवा कोंदट होती.

रविवार, १६ मार्च, सकाळ

मेहुणी आज दुपारी येणार होती, तिने सकाळीच येते म्हणून फोन केला. हिची धाकटी बहीण. जीभ कात्रीसारखी. भाषणाचे फोटो मी तिला पाठवले होते. त्यावर अभिनंदन राहिलं बाजूला, "ताईला फोन द्या" एवढंच म्हणाली. मी सांगितलं की ताई झोपली आहे.

खरंच झोपली आहे. मी चालून आलो, आंघोळ केली, पेपर वाचला, तरी उठलेली नाही. दोनदा हाक मारली तर नुसतं हं केलं. कालचा दिवसही ती पडूनच होती. श्वास चांगला खोल चालला आहे, मोठा आणि संथ, इकडे बसून ऐकू येतो. तोंडाला फळं जास्त पिकल्यावर येतो तसा गोडसर वास आहे. हलक्या आहाराचा परिणाम असावा. मास्तरला विचारायला हवं.

साहेबांना वाटतं की या भाषणाचे पुढे वर्ग घेता येतील. शनिवारी आणि रविवारी, संध्याकाळी. फलक कसा असावा याचा विचार करतो आहे. हिचा आधीचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी.

दाराची बेल वाजते आहे. मेहुणी असेल. ही उठली नाही म्हणून मलाच जावं लागणार.

गुरुवार, २० मार्च

हॉस्पिटल. अतिदक्षता विभागाच्या बाहेरचा बाक.

मेहुणीने तिला हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली की पाय धरा. आम्ही दोघांनी तिला उचललं. मी एकट्याने उचलली असती तरी चाललं असतं, इतकी ती हलकी होती.

रक्तातली साखर एवढी वाढली होती की इथल्या नर्सने तपासणी दोनदा केली. शरीरात इन्शुलिन बनतच नाही तिच्या. खाल्लेलं अंगी लागत नाही, मग शरीर स्वतःलाच खातं. चरबी खातं आणि मांसही खातं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. पुढचं वाक्य त्यांनी माझ्यावर सोडलं.

इथले डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय. मी सांगितलं, आठवड्यागणिक किती ते सांगितलं. तहान? सांगितली. भूक, नजर, पायाची जखम, उलट्या? सगळं सांगितलं. तारखा, वार. ते लिहून घेत होते. मग पेन थांबवून म्हणाले, "तुम्ही फार बारीक लक्ष ठेवलंय."

क्षणभर मला ते कौतुक वाटलं.

मेहुणी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ती चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. आज बोलली. "भावोजी, काटा चारी कोपऱ्यांवर तपासलात म्हणे. बाई तपासायचं खातं कुठलं?"

 ऑफिसमधून सुतळीचा फोन आला होता, वर्गांसाठी लोक नावं देतायत म्हणे. मी त्याला म्हटलं की फलक काढून टाक. तो म्हणाला की फलक अजून लावलाच नाही सर. मी म्हटलं, तरी काढ.

शनिवार, २२ मार्च

शुद्धीवर आहे. ओळखते. मला पाहून तिने पहिला प्रश्न केला तो उत्तरपत्रिकांचा. त्या शाळेत पोचवल्या का. पोचवल्या म्हटलं. बेरजा बरोबर होत्या ना? बरोबर होत्या म्हटलं. मग तिने डोळे मिटले. मला दुसरं काही बोलायचं होतं. काय ते मलाही नीट माहीत नव्हतं, त्यामुळे मी तिच्या पांघरुणाचा कोपरा सारखा करत राहिलो. ती डोळे मिटूनच म्हणाली, "ते सारखंच आहे. बसा."

मी बसलो. खुर्ची अरुंद आहे, तिचे हात दोन्हीकडून पोटात रुततात. आज दिवसभर ते मी चालू दिलं.

सोमवार, २४ मार्च

उद्या घरी सोडणार. रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचावं लागेल, बहुधा जन्मभर. तिला स्वतःला शिकवायला हवं, पण नजर अजून धुरकट आहे, सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. नजर परत येईल, वेळ लागेल. तोवर कोणीतरी दुसऱ्याने टोचायचं. मेहुणी म्हणाली की ती राहील. मी म्हटलं, मी करतो. रेघा वाचण्यातच माझी नोकरी गेली आहे.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आधी स्वतःला टोचा," ही म्हणाली. "माझ्यासमोर. मग माझ्या अंगाला हात लावा."

नर्सने कोरी सुई दिली. इंजेक्शन पोटावर देतात, हे मला माहीत नव्हतं. बेंबीपासून जरा बाजूला, कातडी चिमटीत उचलायची, खालची चरबी हाताला लागली पाहिजे, सुई त्या चरबीत जायला हवी. मी शर्ट वर केला. अडीच महिन्यांत हे पोट मी बायकोसमोरही उघडं केलं नव्हतं, आता नर्स, मेहुणी आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारी, सगळ्यांसमोर ते बाहेर आलं. चिमूट मागितली तर मूठभर हाती आलं. नर्स म्हणाली, "छान. शिकायला अशी जागा सगळ्यांना मिळत नाही." मेहुणीने तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. म्हातारी उघड हसली. मी टोचलं. पहिल्यांदा घाबरून अर्धवट, दुसऱ्यांदा बरोबर.

हिने सगळं किलकिल्या डोळ्यांनी पाहून घेतलं. मग कपडा वर केला आणि मान खिडकीकडे वळवली.

मी इतके दिवस जिचं वजन केलं, तिचं पोट मी पाहिलंच नव्हतं. ते आत गेलं होतं, दोन्ही बाजूंची हाडं वर आली होती. मी चिमूट धरली तर नुसती कातडी आली, कागदासारखी. पुन्हा धरली. जरा खाली, जरा बाजूला. चरबीचा एक छोटासा पापुद्रा सापडेना. नर्स शांतपणे थांबली होती. शेवटी बेंबीच्या डाव्या बाजूला बोटांना काहीतरी मऊ लागलं, अगदी थोडं. मी ते धरलं. त्या क्षणी ते सोडून जगात मला दुसरं काही नको होतं. रेघ नीट पाहिली, पुन्हा पाहिली, आणि सुई आत घालताना माझे डोळे मिटले गेले.

झाल्यावर विचारलं, दुखलं का.

"दुखलं," ती म्हणाली. "संध्याकाळी डोळे उघडे ठेवून करा."